बेबाकीचा कागद

रक्कम होती ५८८ रुपये ८२ पैसे. बीडच्या बाजारात पैशांचा हिशेब आता कुणी करत नाही. सुटे नसले तर भाजीवाली कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त टाकते आणि विषय मिटतो. तेव्हा बिलावर ब्याऐंशी पैसे दिसले की खुशाल समजावं, हा आकडा माणसाने काढलेला नाही. क्रेडिट कार्डाचं ४९९ रुपये वार्षिक शुल्क, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे ८९ रुपये ८२ पैसे, आणि दोन्हींची बेरीज. यंत्राने चोख गुणाकार केला आणि बिल धाडून दिलं. कार्ड मात्र असं की ज्याच्या नावावर ते होतं त्याच्या लेखी ते केव्हाच बंद झालेलं.

हा माणूस बीड जिल्ह्यातल्या धारूरचा एक निवृत्त शिक्षक आहे असं धरू. गुरुजी कल्पनेतले आहेत. त्यांच्या वाटेत येणारे नियम आणि आकडे खरे. पेन्शन एका बँकेत, क्रेडिट कार्ड दुसऱ्या बँकेचं. कार्ड घेताना एका फॉर्मवर सही झाली होती, त्यामुळे दर महिन्याचं बिल पेन्शनच्या खात्यातून आपोआप वळतं व्हायचं. पुढे कार्डाची गरज संपली. गुरुजींनी शेवटचं बिल भरून टाकलं, पेन्शनच्या बँकेत गेले, साध्या कागदावर अर्ज लिहिला: माझ्या खात्यातून सदर कार्डाची रक्कम यापुढे वळती करू नये. शाखेने तसं केलं. घरी येऊन त्यांनी कात्रीने कार्डाचे दोन तुकडे केले. त्यांच्या हिशेबाने व्यवहार संपला.

वर्षभराने मोबाइलवर बिल आलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अहो, पण मी तर बंद केलंय की ते!"

काय बंद केलं, हा खरा प्रश्न. आपोआप पैसे जातात तेव्हा मधे एक लांबलचक साखळी असते. नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाऊस, म्हणजे नॅच, ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. ग्राहकाने एकदा सही करून दिलेल्या परवानगीला मॅन्डेट म्हणतात आणि अशा प्रत्येक मॅन्डेटला स्वतःचा एक क्रमांक असतो. कार्डवाली बँक त्या क्रमांकावर मागणी पाठवते, मागणी कॉर्पोरेशनमार्फत पेन्शनच्या बँकेत पोचते आणि खात्यातून रक्कम कमी होते. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. रविवारी बँक बंद म्हणून हप्ता सोमवारी जाईल हा जुना दिलासा तेव्हापासून गेला. गुरुजींनी थांबवली ती पैसे जाण्याची वाट. कार्डाचा करार दुसऱ्या टोकाला जिवंतच होता. तिथल्या यंत्राला एवढंच कळलं की या गृहस्थांचा मॅन्डेट आता चालत नाही. कार्ड नको आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बीड जिल्ह्याला हे समजायला जड जाऊ नये. इथून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो. हंगाम अर्ध्यावर सोडून गावी आलं म्हणून उचल फिटत नाही. ती अंगावर राहते, पुढच्या हंगामाला सरकते. कामावर एक दिवस गेलं नाही तर त्याचा खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली, तेव्हा दिवसाला पाचशे रुपयांचा खाडा हा त्या बातम्यांमधला एक ठळक आकडा होता. कार्डाचा उशिराचा दंड आणि खाडा यांची बरोबरी करणं अन्यायाचं होईल; एकात चिडचिड आहे, दुसऱ्यात माणसाचं शरीर झिजतं. पण हिशेबाची ठेवण ओळखीची आहे. वही समोरच्याच्या हातात. नोंद तो करणार, बेरीजही तोच सांगणार, आणि आपण कधीतरी म्हटलेलं "आता पुरे" त्या वहीत चढलं की नाही, हे शेवटच्या दिवशी कळणार.

एकदा सही केली की पैसे कापून जात राहतात आणि नको असेल तर ज्याने त्याने वेळेत येऊन सांगावं, ही रीतही इथे जुनी आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत कर्जदार शेतकऱ्याला विमा सक्तीचा होता, हप्ता कर्जखात्यातूनच कापला जाई. खरीप २०२० पासून सक्ती गेली. पण गेली म्हणजे काय झालं? ज्याला विमा नको त्याने अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी बँकेत लेखी कळवायचं. न कळवणाऱ्याचा हप्ता कापला जाणार. गप्प बसणं म्हणजे होकार. आणि नुकसान झालं तर? तिथे उलट: बहात्तर तासांत कळवलं नाही तर दावाच धोक्यात. त्याच २०२० साली जिल्ह्याने विमा कंपनीच्या नफ्यालाच मर्यादा घालणारा 'बीड पॅटर्न' देशाला दिला. नुकसानभरपाई कमी निघाली तर कंपनीने वीस टक्क्यांपर्यंत स्वतःकडे ठेवून उरलेला हप्ता राज्य सरकारला परत करायचा. फारच जास्त निघाली तर एकशे दहा टक्क्यांच्या वरचा भार सरकारने घ्यायचा. समोरच्याच्या वहीत डोकावून तिचे नियम बदलायला लावणारा जिल्हा, एवढं श्रेय बीडला द्यायलाच हवं.

जनधन खात्यांतूनही असंच चालतं. मेच्या अखेरीस जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये वळते होतात. कित्येक घरांत पासबुक भरून आणल्यावरच कळतं की आपला विमा आहे. या योजना वाईट नाहीत, उलट स्वस्त आहेत. मात्र अंगठा किंवा सही कधी दिली ते आठवत नाही, हे त्यांचंही खरं.

गुरुजींच्या ५८८ रुपयांकडे परत येऊ, कारण ते पैसे तेवढे राहत नाहीत.

बिल त्यांनी भरलं नाही. चुकीचं बिल भरायचं कशाला, हा शिक्षकी बाणा. पुढच्या बिलात उशिराचा दंड आला. अनेक बँकांच्या तक्त्यात पाचशे ते हजार रुपयांच्या थकबाकीला चारशे-पाचशे रुपये दंड असतो. पाचशे धरले तर करासह ५९० रुपये. म्हणजे मूळ शुल्कापेक्षा ते न भरल्याचा दंड एक रुपया अठरा पैशांनी जास्त! रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत इथे थोडा लगाम घातला आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकबाकी राहिली तरच दंड. आणि न भरलेली शुल्कं, कर वगैरे मुद्दलात मिसळून त्यावर व्याजावर व्याज लावता येणार नाही. लगाम बरा आहे, पण दर महिन्याला नवा दंड येतच राहतो.

खरेदीवरच्या व्याजाची गोष्ट वेगळी. महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, वर्षाला चाळीसच्या वर. 'आवाज' या ग्राहक संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी सांगितलं होतं की तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल लागला २० डिसेंबर २०२४ रोजी, आणि आयोगाचा आदेश रद्द झाला: व्याजदर ठरवणं हे आयोगाचं काम नव्हे. सोळा वर्षं! बीडमध्ये २००८ साली दहावीला असलेला मुलगा तोवर स्वतः कार्डधारक झाला असेल.

दंडापेक्षा गुरुजींना घोर लागला तो वेगळ्याच शब्दाचा: सिबिल, म्हणजे कर्जफेडीतली पत सांगणारा आकडा. मराठवाड्यात हा शब्द आता शेताच्या बांधापर्यंत पोचला आहे. पीक कर्जाला सिबिल लावू नका, असं मुख्यमंत्र्यांना बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावावं लागलं, यावरून त्याचा धाक कळावा. गुरुजींच्या मुलाला ट्रॅक्टर घ्यायचा आहे, कर्जाला वडील जामीन. न वापरलेल्या कार्डाच्या न मागितलेल्या शुल्काने जामीनदाराच्या नावापुढे 'थकबाकीदार' लागलं तर? रिझर्व्ह बँकेचे तेच निर्देश सांगतात की थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठवण्याआधी कार्डधारकाला कळवावं, आणि जिथे वाद चालू आहे तिथे बँकेने विशेष काळजी घ्यावी. वाद चालू आहे हे बँकेच्या वहीत असलं तरच, अर्थात. फोनवर त्रागा करणं म्हणजे वाद चालू असणं नव्हे. तक्रार क्रमांक असला तर वाद.

गुरुजी आधी पेन्शनच्या शाखेत गेले. तिथला अधिकारी त्यांचाच विद्यार्थी निघाला. खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "गुरुजी, कार्ड आमचं नाहीच. तुम्ही त्यांच्या कस्टमर केअरला लावा." मग कस्टमर केअर. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीचा आकडा असेल तर असेल, नाही तर नाही. कार्डाच्या अटी शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत, ग्राहकाला समजतील अशा लिहाव्यात, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलेलं आहे. पण त्यातल्या 'शक्यतो'वर कितीतरी बँका सुखाने झोपतात.

निर्देशांचा खरा गमतीदार भाग पुढे आहे. कार्ड बंद करण्याची विनंती आल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं. त्यासाठी हेल्पलाइन, ईमेल, संकेतस्थळावर ठळक दिसणारा दुवा, मोबाइल ॲप असे मार्ग ठेवायचे. टपालानेच अर्ज पाठवा असा आग्रह धरायचा नाही, कारण त्यात उशीर होतो. सात दिवस उलटले तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो बँकेने ग्राहकाला द्यायचा. वाचताना मन प्रसन्न होतं. दहा दिवसांचे पाच हजार! मुकादमाने मजुराला खाडा द्यावा तसं.

पण पुढे एक अट आहे: खात्यावर थकबाकी नसेल तर.

आता गुरुजींचं बघा. कार्ड बंद करायला थकबाकी शून्य हवी. थकबाकी कशाची आहे? वार्षिक शुल्काची. वार्षिक शुल्क का लागलं? कार्ड बंद नव्हतं म्हणून. ज्या शुल्काबद्दल वाद आहे तेच शुल्क वाद संपेपर्यंत दाराला कुलूप लावून उभं. वर्षभर न वापरलेल्या कार्डाबाबतही तसंच आहे. बँकेने ग्राहकाला कळवायचं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर कार्ड बंद करायचं, पण देणी चुकती असतील तरच. वर्ष भरता भरता शुल्काचं देणं चढलेलं असतं. नियम लिहिणाऱ्यांचा हेतू स्वच्छ असणार यात शंका नाही. मात्र या फटीतून किती ५८८ रुपये वाहून जात असतील, याचा हिशेब कुणीतरी एकदा मांडायला हवा.

असा हिशेब मांडणारा एक माणूस महाराष्ट्रात आहे. आयआयटी मुंबईचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास बँकांच्या शुल्कांचे कागद वर्षानुवर्षं चाळत आले आहेत. त्यांनी पकडलेला आकडा होता १७ रुपये ७० पैसे. पंधरा रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर. पुन्हा तेच, पैशांतून डोकावणारं यंत्र. गरिबांसाठीच्या शून्य शिलकीच्या खात्यातून महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले किंवा पाठवले, की पुढच्या प्रत्येक व्यवहाराला भारतीय स्टेट बँक हे शुल्क लावत होती. फोनवरून केलेल्या यूपीआय व्यवहारालासुद्धा. दास यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०१५ ते २०२० या काळात सुमारे बारा कोटी खात्यांतून असे तीनशे कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. त्याआधीच, ३० ऑगस्ट २०२० रोजी, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून बँकांना बजावलं होतं की त्या वर्षीच्या १ जानेवारीनंतर ठरावीक डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करा. यातल्या एकेका खातेदाराचं नुकसान एका चहा-भज्यांएवढं. त्यासाठी बीडहून कोण भांडायला जाणार? कुणी जाणार नाही, या अंदाजावरच अशी शुल्कं तगतात.

गुरुजी मात्र भांडणारे. पोराने फोनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. मग त्यांनी स्वतः फुलस्केपवर अर्ज लिहिला, आणि इथे चाळीस वर्षांची नोकरी कामी आली. शिक्षकाला पंचायत समितीने एक गोष्ट पक्की शिकवलेली असते: पोच. अर्ज दिला याला अर्थ नाही, दिल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर हवा. अर्ज ईमेलने गेला, पोच म्हणून आलेला मजकूर छापून फाइलला लागला. बाकीचे कागदही जोडले: शेवटचं बिल भरल्याचं विवरण, मॅन्डेट रद्द केल्याची शाखेची पोच, आणि त्या तारखेनंतर कार्डावर एकही खरेदी नाही हे दाखवणारी बिलं.

अर्जात त्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली, ती या सगळ्या प्रकरणात महत्त्वाची. कार्ड बंद करा असं त्यांनी कार्डवाल्या बँकेला पूर्वी कळवलं नव्हतं. त्यामुळे दिवसाला पाचशेचा हक्क त्यांना मागता येत नाही, ते तो मागतही नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच: या शुल्काची पूर्वसूचना कधी, कोणत्या पत्त्यावर पाठवली ते दाखवा, कार्ड वर्षभर पडून होतं तर बंद करण्याबाबत विचारणा का केली नाही ते सांगा, आणि आज, या अर्जाच्या तारखेपासून, कार्ड बंद करा. बिलावर हरकत घेतली तर बँकेने तीस दिवसांच्या आत खुलासा, गरज पडल्यास कागदपत्रांसह, द्यायचा असतो. त्यांनी तो कलमासह मागितला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर पुढचा पत्ता चंदीगड. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत देशभरच्या कागदी तक्रारी तिथल्या केंद्रात जमा होतात. ऑनलाइनही करता येतात, आणि १४४४८ या क्रमांकावर विचारपूस होते. फी नाही. वकिलामार्फत तक्रार चालतच नाही, हा त्या योजनेचा सगळ्यात लोभस नियम. दुसरी वाट घराजवळची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा दिली, म्हणजे मुंबईच्या बँकेला बीडच्या आयोगात बोलावता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही शुल्क नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा भांडण होतं तेल-साखरेच्या वजनमापाचं. त्यांच्या कार्यकर्त्यांना तराजू डोळ्यांनी दिसत होता. गुरुजींचा तराजू कुठल्या शहरातल्या कुठल्या संगणकात आहे, हे त्यांना फोन उचलणाऱ्या मुलीलाही सांगता आलं नाही. ती बिचारी तरी काय करणार, तिच्यासमोर जे दिसतं ते वाचून दाखवते.

चंदीगडची गरज पडली नाही. अशा बहुतेक प्रकरणांत होतं तेच झालं. तक्रारीत रिझर्व्ह बँकेचं नाव आलं की बँकेत ती वरच्या टेबलावर सरकते, आणि तिथून एक गोड संदेश येतो. गुरुजींनाही आला: आपण आमचे सन्माननीय ग्राहक असल्याने विशेष बाब म्हणून शुल्क व दंड परत करण्यात येत आहे. ११७८ रुपये ८२ पैसे वजा, थकबाकी शून्य. पोरगा खूश झाला. "आबा, मिटलं."

गुरुजींनी संदेश दोनदा वाचला. विशेष बाब म्हणून, म्हणजे चूक झाली म्हणून नव्हे. शुल्क बरोबर होतं की चूक, यावर चकार शब्द नाही. पूर्वसूचनेची प्रत नाही. कार्ड बंद केल्याची तारीख नाही. उद्या वर्ष भरलं की हेच यंत्र पुन्हा ४९९ ला अठरा टक्क्यांनी गुणणार नाही याची हमी नाही. गावच्या सोसायटीत कर्ज फेडलं की सचिव बेबाकीचा दाखला देतो. त्यावर तारीख असते, सही असते, आणि 'आजअखेर येणे बाकी नाही' असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला. विषय: कार्ड बंद केल्याच्या दिनांकासह बेबाकी प्रमाणपत्र मिळणेबाबत, तसेच पतमाहिती कंपनीकडे काही नोंद गेली असल्यास ती दुरुस्त होणेबाबत. संदर्भ: आपला दिनांक नसलेला संदेश.